मुरलेला पाऊस

आमच्या अंबड तालुक्यात पाऊस किती झाला हे ठरवायला तहसिलातल्या आकड्याची वाट कुणी पाहत नाही. सर ओसरली की माणूस वावरात जातो, उकिडवा बसतो आणि बोटांनी माती उकरतो. कोरडी माती कुठं लागते ते बघतो. चार बोटं ओल, वीतभर ओल, पेरण्याजोगी ओल, अशी ती मोजणी. आभाळातून किती पडलं याला तिच्यात जागा नाही. जमिनीनं किती घेतलं तेवढंच मोजायचं. मृगातला एखादा पाऊस तासाभरात सगळे नाले भरून टाकी, पोरं पूर बघायला पुलावर धावत, आणि आमचे आबा वावरातून परत येऊन सांगत, "गेला वाहून. ओल नाही."

सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलाकडे मी हीच मोजणी घेऊन गेलो. ते जंगल मला जेवढं कळलं, ते तिच्यामुळेच कळलं.

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. जंगल म्हणावं असं आमच्याकडं फारसं काही नाही. राज्यातल्या सगळ्यांत कमी वनं असलेल्या जिल्ह्यांत आमची गणना होते. आम्ही पर्जन्यछायेतली माणसं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात, घाटमाथ्यावरच बहुतेक सगळं पाणी टाकतात, आणि पूर्वेला उतरणारी हवा तापत, कोरडी होत आमच्याकडं पोचते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत सातशेच्या आसपास. घाट उतरला की पावसाच्या हिशेबानं जालनाच लागतं म्हणायचं.

२०१२ साली तेवढाही पडला नाही. त्यानंतरचा उन्हाळा ज्यांनी जालना-अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात काढला, त्यांना त्याचं वर्णन करून सांगावं लागत नाही. मोसंबीचं झाड लगेच मरत नाही. आधी पानं आतल्या बाजूला वळतात, मग फळ बोराएवढं असतानाच गळतं, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतात. बागा वाचवायला लोकांनी टँकर लावले, विहिरींत आडवे बोअर घेतले, झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट पसरलं. आमची बाग आबांनी मे महिन्यात तोडली. पंधरा-वीस वर्षं पोसलेलं झाड सरपणाच्या भावानं जातं तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पुढं २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मी आबांना वाचून दाखवली. ते ऐकून घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्याच काळात कधीतरी माझ्या मनानं घेतलं की जिथं पाणी कधी संपतच नाही अशी जागा बघायची. विषुववृत्तावर जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण आंबोली होती.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरवर, म्हणजे आमच्या दसपट. आजऱ्याकडून गाडी वर येऊ लागली की ऊस आणि भात मागं पडतात, काचेवर धुकं बसतं, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडी इतकी जवळ येते की दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. मी पहिल्यांदा गेलो तो जुलैचा महिना होता. आमच्याकडं तेव्हा पावसानं ओढ दिली होती आणि कपाशी माना टाकत होती, त्यामुळे इथला पाऊस बघताना छातीत काहीतरी दुखतही होतं.

जंगलात शिरल्यावर मात्र वेगळंच काही दिसलं. सर जोरात आली, शेजारच्या उघड्या खडकाळ सड्यावर ती ताडताड आदळत होती, आणि मी उभा होतो त्या अंजनीच्या दाटीखाली बराच वेळ थेंबच आला नाही. पाऊस वरच अडला होता. उंच झाडांच्या माथ्यावर तो फुटला, तिथून मधल्या झाडांच्या पानांवर, तिथून खालच्या झुडपांवर असा उतरत राहिला. काही पाणी शेवाळलेल्या खोडांवरून हळूहळू ओघळत आलं. खाली पोचेतो त्याचा सगळा मार निघून गेलेला. मग वर उघडीप झाली, सड्यावर ऊनसुद्धा आलं, आणि झाडाखाली पाऊस चालूच राहिला. खोडाखोडांवर आमरी, नेचे, शेवाळ. त्या प्रत्येकानं आपापल्या पोटात थोडं थोडं धरून ठेवलेलं आणि आता ते सोडत होतं.

मी सवयीनं बसलो आणि बोटं खाली घातली. आधी ओली पानं, मग अर्धी कुजलेली, मग त्यांचा काळसर चुरा, त्यात बुरशीचे पांढरे धागे, मग केसांसारख्या मुळांची जाळी. मनगटापर्यंत हात गेला तरी ज्याला आपण माती म्हणतो ती लागली नाही. पाच पावलांवरून एक ओहळ वाहत होता. एवढ्या पावसात त्याचं पाणी नितळ होतं, तळातले खडे मोजता यावेत इतकं. आमच्या कुंडलिकेला पूर आला की पाणी काळपट तांबडं येतं आणि त्या रंगात कुणाकुणाच्या वावराची वरची माती असते. हा ओहळ कुणाचंच काही नेत नव्हता.

रात्री गावातल्या एका तरुणाबरोबर बाहेर पडलो. हा मुलगा दिवसा शेती करतो, पावसाळ्यात पाहुण्यांना जंगल दाखवतो. "काका, बॅटरी पायाकडे धरा," तो म्हणाला, "आधी आपण कुणावर पाय देत नाही ना ते बघायचं, मग वर बघायचं." त्या एका वाक्यात या जंगलात वागायची सगळी रीत आली. ताडोब्याला माणूस वाघासाठी जातो आणि वाघ दिसला नाही की हिरमुसतो. इथं गवे आहेत, बिबट्या आहे, अस्वल आहे, पण इथलं खरं वैभव तळहातावर मावतं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लटकलेला दिसला. ते उडत्या बेडकाचं घरटं. मादी फेसात अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की ती थेट खालच्या डबक्यात पडतात. पानाच्या देठाशी मलबार चापडा साप वेटोळं करून बसला होता, हिरव्यात हिरवा. आणि जांभ्याच्या सड्यावर, पाऊलभर पाण्याच्या डबक्यांशी, आंबोलीचा भेक. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन २००९ साली केलं. आंबोली-चौकुळच्या आसपासचा छोटासा टापू सोडला तर जगात तो जवळपास कुठंच नाही, आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पहिल्या पावसाबरोबर तो सड्यावर येतो, उथळ डबक्यात त्याची अंडी, त्याच डबक्यात त्याची पिल्लं. पावसानं चार-आठ दिवस दडी मारली आणि डबकं आटलं की त्या वर्षीची वीण गेली. सात हजार मिलिमीटरच्या गावातही एक जीव असा आहे की त्याचं सगळं पावसाच्या खंडावर ठरतं. मला तो फार जवळचा वाटला.

विषुववृत्ताकडं जाता आलं नाही, तरी तिथला पाऊस इथल्याशी ताडून बघता येतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मनाउस नावाचं शहर आहे. तिथं वर्षाला दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पण तो जवळजवळ वर्षभर विभागून पडतो; कोरडे असे महिने फार थोडे. आपल्या पश्चिम घाटात, केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीनच असतात. उत्तरेकडे सरकावं तसे ते वाढत जातात आणि महाराष्ट्रात सहा-सात होतात. म्हणजे आंबोलीत पडतं ते सगळं जून ते सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या काही दिवसांत. पुढं वर्षाचा उरलेला बहुतेक काळ आभाळ कोरडं. आमचंही वेळापत्रक अगदी हेच आहे! पाऊस तिथं दसपट, पण कोरडे महिने जवळपास सारखेच. या झाडांनाही जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे पावसावाचूनच काढायचे असतात, आणि पान न गाळता काढायचे असतात. सदाहरित जंगल किती पाऊस पडतो यावर उभं नाही. पडलेला पाऊस ते किती दिवस पुरवतं, त्यावर ते उभं आहे. हे एकदा लक्षात आल्यावर मला या जंगलाचा हेवा वाटणं थांबलं आणि त्याच्याकडून शिकावंसं वाटू लागलं.

म्हणून पुढच्या खेपेला मी मे महिन्यात गेलो.

मे महिन्यात आंबोलीला जाणाऱ्याला लोक हसतात. धबधबे नसतात, धुकं नसतं. रस्ते रिकामे. पण जंगल हिरवं होतं. पानं जाड, चिवट, वरून मेण चढवल्यासारखी. उन्हाळ्यात पाणी कमी उडावं याची ती तरतूद. उन्हाळ्याच्या आधीच जांभळांना तांबूस पालवी येऊन गेलेली. रस्त्यावर घाम फुटत होता आणि झाडीत दहा पावलं आत गेलं की तो सुकत होता. हिरण्यकेशीच्या देवळामागं गुहेतून पाणी येत होतं, बारीक धारेचं पण अखंड. ही हिरण्यकेशी कोकणात उतरत नाही. ती पूर्वेला वळते, आजरा-गडहिंग्लजवरून कर्नाटकात घटप्रभेला मिळते आणि पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. आंबोलीचा पाऊस आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातून मैलोन्मैल जातो. तिच्या कुंडात एक लहानसा मासा आहे, गावकरी त्याला देवाचा मासा म्हणत आले. २०२० साली तो विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, नाव पडलं शिश्चुरा हिरण्यकेशी. आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याआधी कैक पिढ्या त्याला देवानंच राखलं होतं, हे विसरू नये.

त्या झऱ्याचं सगळं श्रेय झाडांना देणं बरोबर नाही. खाली जांभा दगड आहे, भोकाभोकांचा. तो पाणी आत घेतो आणि सावकाश सोडतो. आमच्या काळ्या पाषाणाला तो गुण नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढं मावेल तेवढंच. पण जांभ्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ झाडं मिळवून देतात. झाडी उतरवलेला जांभा काही वर्षांत उघडाबोडका सडा होतो, त्यावरून पाणी तसंच धावतं.

उन्हाळ्यातच धनेश बघावा. कोकणात त्याला माडगरुड, ककणेरही म्हणतात. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते, एक चीर तेवढी ठेवते. त्या चिरेतून नर तिला आणि पुढं पिल्लांना फळं भरवतो. नराचं काही बरंवाईट झालं तर आतलं सगळं कुटुंब धोक्यात येतं. तिलारीच्या खोऱ्यात अजून ही मोठी झाडं आहेत. तिथंच दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डेला, रानजायफळाची एक दलदल आहे. काही एकरांचीच जागा, गावानं देवराई म्हणून सांभाळलेली. गोड्या पाण्यात उभी असलेली झाडं, आणि श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली त्यांची गुडघ्यासारखी मुळं. अशी जंगलं दक्षिणेत, केरळ-कर्नाटकात. इतक्या उत्तरेला ती टिकली कारण तिथून बारमाही पाणी वाहतं, आणि पाणी बारमाही राहिलं कारण झाडं टिकली. २०२१ साली तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मी तिथं काठावरूनच बघितलं. आत चिखल तुडवायला जाऊ नये.

आता पर्यटनाबद्दल. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्याखाली जी गर्दी होते ती मी पाहिली आहे. मोठमोठ्यानं लावलेली गाणी, घाटात अडकलेल्या गाड्यांची रांग, कठड्यावर बसलेल्या माकडांना वेफर्स चारणारी लेकरं, दरीत भिरकावलेल्या बाटल्या. त्यापेक्षा भयंकर ते रात्री, पहिल्या पावसात. डांबरी रस्ता ओला झाला की बेडूक त्यावर येतात आणि गाड्यांच्या चाकांखाली जातात. सकाळी रस्त्यावर ते चिकटलेले दिसतात. यात लोकांचा द्वेष करण्यासारखं काही मला वाटत नाही. पुण्या-कोल्हापुरातून, बेळगावातून, गोव्यातून माणूस भिजायला येतो. आमच्या मराठवाड्यातून आलेल्या माणसाला तर एवढं पाणी बघून भान राहणं कठीणच. पण हे सगळे बघायला येतात ते पडणारं पाणी. आणि या जंगलाची खरी करामत पडणाऱ्या पाण्यात नाहीच. धबधबा म्हणजे धरून ठेवता आलं नाही ते उरलेलं पाणी. गर्दी तेवढ्याभोवतीच जमते.

माझ्या हातात असतं तर मी आंबोलीच्या जाहिरातीत मे महिन्यातली धार दाखवली असती. पाहुण्यानं दोन मुक्काम करावेत, गावातल्या घरात राहावं, मलबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लबसारख्या स्थानिक अभ्यासकांच्या माणसाला योग्य पैसे देऊन बरोबर घ्यावं, रात्री गाडी चालवूच नये. जंगल राखण्यातून गावाला चार पैसे मिळाले तरच ते राहील. नाहीतर तोडणारे ठरलेले आहेतच. सह्याद्रीत नरक्या नावाचं साधंसं दिसणारं झाड आहे. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारा घटक त्यातून मिळतो, आणि त्याच कारणानं ते चोरून तोडलं जातं. औषध सगळ्या जगाला, आणि इथं ओंडकासुद्धा उरत नाही.

नुसता पाऊस असून भागत नाही हे बघायला फार लांब जावं लागत नाही. पालघरच्या मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यापाड्यांवर टँकर. मेघालयातलं चेरापुंजी शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत. डोंगर उघडे पडलेल्या त्या भागात हिवाळ्यात बाया लांबून पाणी आणतात. उलट आमच्याच जालना तालुक्यात कडवंची आहे. नव्वदीच्या दशकात मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, तिथं पाणलोटाचं काम सुरू केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवर बांध. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूच्या बागा जळत असताना कडवंचीची द्राक्षं उभी होती. आमच्याइतकाच पाऊस, आमच्यासारखाच काळा पाषाण. गावानं माणसाच्या हातांनी तेच केलं जे जंगल झाडांकडून करवून घेतं: वेग मोडला, थांबवलं, मुरवलं. इथं एक सांगायला हवं. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात विहिरीचं पाणी उपसून भरणं ही आता सगळीकडची रीत झाली आहे. त्यानं बाग वाचते हे खरं. पण मुरलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवणं हे मुरवण्याच्या नेमकं उलट आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्यावर मोकळेपणानं बोललं पाहिजे.

जंगल पाऊस नुसता धरत नाही, तो परतही देतो. झाडं जमिनीतलं पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात आणि तोच ओलावा वाऱ्याबरोबर दुसरीकडं जाऊन पडतो. अ‍ॅमेझॉनच्या पावसातला मोठा वाटा असा पुन्हापुन्हा वापरला गेलेला असतो, हे ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिलं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली मांडलं की पश्चिम घाटातल्या झाडीनं सोडलेला ओलावा तमिळनाडूच्या मान्सूनमधल्या पावसाला मोठा हातभार लावतो, आणि पाऊस कमी असलेल्या वर्षी तर जास्तच. मराठवाड्याबद्दल त्यांनी तसं म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. आमचं नातं त्याहून सरळ आहे. जालना शहराच्या नळाला पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून पाणी येतं. नाथसागरात ते गोदावरीतून येतं. आणि गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर. जालन्यात सातशे मिलिमीटर पडत असेल, पण जालनेकर पितो ते पाणी घाटावर पडलेलं असतं.

पाऊस कमी झालेल्या वर्षी पावसाळा संपला की नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर वाद होतो. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व दिलं आहे आणि त्यासाठी मराठवाड्यानं भांडलंच पाहिजे. मी स्वतः त्या मोर्च्यांत गेलो आहे. पण आमचं सगळं भांडण धरणाच्या दरवाज्याशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. दरवाज्याच्या वर, जिथं नदीला पहिली धार लागते त्या उतारांवर काय चाललं आहे, हे आमच्या एकाही निवेदनात नसतं. ब्रह्मगिरीच्या परिसरात डोंगर पोखरण्याविरुद्ध नाशिककडची मंडळी आवाज उठवतात, तेव्हा जालन्याहून कुणी त्यांच्याशेजारी उभं नसतं.

खरं तर आमच्याकडचे लोक तिथं जातात, आणि पुष्कळ जातात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातात, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करतात. आमच्या गावातून दरसाल गाडी भरून मंडळी निघतात, चिखलातून अनवाणी चालतात. यंदा मीही त्यांच्यात आहे. फेरी झाली की गाडी लगेच परत फिरवायची नाही, एक दिवस मुक्काम वाढवायचा असं ठरलं आहे. वनखात्याच्या माणसांना भेटून विचारायचं आहे की या डोंगरावर गेल्या काही वर्षांत जी लागवड झाली तिच्यात इथली झाडं किती, हिरडा-जांभूळ-अंजनी किती, आणि बाहेरून आणलेलं गिरीपुष्प किती. त्यांतली किती जगली, हेही.